करंगळीतला दोरा

डॉक्टरांनी बिरूच्या पायाच्या करंगळीवरचा हळदीचा लेप कोमट पाण्याने भिजवून काढला, भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हा केस कुणाचा?"

मी वाकून पाहिलं. बोट फुगून जांभळं झालं होतं, टोकाला काळं. मुळाशी मांसात रुतलेली एक बारीक रेघ होती. काळ्या लोकरीचा दोरा, आणि त्यात पीळ घालून वळलेला माझा लांब केस.

"माझा," मी म्हणाले.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. ते म्हणाले, "याचं पोट दुखत नाही. हे बोट मरतंय म्हणून तो रडतोय." मग त्यांनी एक शब्द उच्चारला, 'गँग्रीन'. मला कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. रक्त पोचलं नाही की मांस मरतं, मेलेलं मांस सडतं आणि ती सड वर चढते. बोटावर थांबली तर नशीब. चढली तर पाऊल कापावं लागेल.

बिरू तेव्हा अडीच महिन्यांचा होता. त्याच्या आधी दोनदा माझं पोट पडलं होतं.

देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आमचं घर इंदापूर तालुक्यात वरकुट्याला. सासऱ्यांनी मेंढरं मोडून शेती धरली होती, विहिरीवर वांगी, मिरच्या काढायचो. पण दोन काळ्या मेंढ्या दावणीला ठेवायच्याच, आणि घरात मूल झालं की त्यांच्या लोकरीत आईचा केस घालून दोरा वळायचा, तो बाळाच्या डाव्या पायाच्या करंगळीत बांधायचा, ही आमच्या घरची रीत. नजर पायातून उतरते म्हणे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी सांगितलं आणि मी दोरा वळला. हौसेने वळला. सैल बांधला होता, हे मी शपथेवर सांगते.

त्यानंतर रोज तेल लावून कढत पाण्याने अंघोळ. आता ऐका. आमच्या घरात घोंगड्या विणायचे. कच्ची लोकर कढत पाण्यात चोळली की आवळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हे शहाणपण घोंगडीपुरतं राहिलं. लेकराच्या बोटाशी येऊन कुणाला ते आठवलं नाही.

दुखण्याच्या पहिल्या दिवशी दुपारी बिरू रडायला लागला तो थांबेना. पाय पोटाशी घ्यायचा आणि किंचाळायचा. पाय पोटाशी घेतो म्हणजे पोट दुखतंय, असं सगळ्यांनी ठरवलं. बेंबीभोवती हिंग लावला. ओव्याची धुरी दिली. वेखंड उगाळून चाटवलं. अंगावर घेतलं की दोन घोट प्यायचा, की पुन्हा सुरू.

आत्याबाई म्हणाल्या, पोटात गारठा शिरलाय. अंघोळ बंद झाली आणि बाळाला छातीपासून टाचेपर्यंत घट्ट गुंडाळलं. लंगोट बदलताना तेवढं सोडायचं, की लगेच पुन्हा बांधायचं.

दुसऱ्या दिवशी लंगोट बदलताना मला करंगळी लाल दिसली. मी बघितली होती. हे वाक्य लिहायला मला खूप वर्षं लागली. वाटलं, पाय झाडून झाडून पाळण्याच्या दोरीला घासली असेल, नाहीतर मुंगी चावली असेल; दोरा रोजचाच, म्हणून त्याच्याकडे लक्षच गेलं नाही. आत्याबाईंना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. मी सांगितलं तशी त्यांनी चाचपून त्यावर हळदीचा दाट लेप थापला. लेप वाळला आणि दोरा त्याखाली गेला. मग मीठ-मोहरी ओवाळली. भगताकडून आणखी एक दोरा आणून कमरेला बांधला. दुखत होता दोरा, आणि आम्ही उतारा म्हणून दोरेच बांधत होतो.

तिसऱ्या दिवशी इंदापूरला नेलं. तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याने गुंडाळलेल्या कपड्यावरूनच पोट दाबलं, 'कोलिक' म्हणाला, म्हणजे पोटातला मुरडा, आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. त्याला तरी काय दोष देऊ? मी आई असूनही बाळ सोडून दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी माझ्यात काही उरलं नव्हतं. तीन रात्री पाठ टेकली नव्हती, दूध आटलं होतं. शेजारच्या बाया येऊन सांगायच्या, "असं धर, तसं धर, तुला धरताच येत न्हाय." त्या दिवशी दुपारी घरात मी एकटीच होते. पाळण्यात तो किंचाळत होता. माझ्या हातात लुगड्याचा पदर होता आणि मनात आलं, हा याच्या तोंडावर दाबावा. क्षणभरच आलं, पण आलं. मी बाळाला तसंच टाकून गोठ्यात पळाले आणि मेंढीच्या अंगात तोंड खुपसून उभी राहिले. ज्या बाईला असं कधी वाटलं असेल, तिने हे वाचावं म्हणून लिहिते. तू राक्षसीण नाहीस. पण बाळ दुसऱ्याच्या हातात दे आणि मग पळ.

पाचव्या दिवशी सकाळी रडणं थांबलं. आत्याबाई म्हणाल्या, उतरली नजर. मी जवळ जाऊन पाहिलं तर तोंड उघडत होतं, चेहरा लाल होत होता, पण आवाज येत नव्हता. घसा बसला होता. लेकरू रडतच होतं, फक्त आम्हाला ऐकू येत नव्हतं.

बिरूचे वडील फार बोलणारे नव्हते. त्यांनी गाडी जुंपली. "बारामतीला चल," एवढंच म्हणाले. सडकेपर्यंत बैलगाडी, पुढे एसटी. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर सगळे कपडे सोडून बाळाला टेबलावर उघडं ठेवलं आणि टाळूपासून खाली बघत आले.

त्यांनी बारीक चिमट्याने आणि कात्रीने दोरा तोडला. तीन ठिकाणी तोडावा लागला. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. ते नवं औषध होतं, सड चढू देत नाही म्हणाले. बिरू तिथेच झोपला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत झोपून राहिला.

मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी 'ड्रेसिंग', म्हणजे जखम धुऊन पट्टी बदलायची. पट्टी सोडली की डॉक्टर एक टाचणी जाळावर धरायचे आणि हळूच टोचून बघायचे. पावलाला टोचलं की बिरू पाय आखडायचा. करंगळीला टोचलं की नुसता डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघत राहायचा. डॉक्टर म्हणाले, "दुखलं पाहिजे. दुखलं म्हणजे जिवंत."

पहिल्या सकाळी दुखलं नाही. दुसऱ्या सकाळी नाही. तिसऱ्या सकाळी बोटाच्या मुळाशीही नाही, आणि पावलाच्या कडेवर लाली आली होती. डॉक्टरांनी तिथे शाईने रेघ ओढली. लाली रेघेच्या वर गेली तर उद्या पुण्याला न्यायचं, तिथे पाऊल काढतील, असं त्यांनी बिरूच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. मला ऐकू आलंच. मग दिवसभर मी ती शाईची रेघ बघत बसले. दर घटकेला वाटायचं लाली पुढे सरकली. डोळे पुसून बघायचं, तर तिथंच असायची.

त्याच दिवशी भाकरी बांधून आत्याबाई आल्या. त्यांनी बाळाकडे हात केला तेव्हा मी बाळ छातीशी ओढून घेतलं. त्या ओसरीवर बाकड्याशेजारी जमिनीवर बसल्या. आतल्या बाजूला तोंड न करताच म्हणाल्या, "पोरी, दोरा मीच बांध म्हन्ले. तुला कुनी इचारलं तर माझंच नाव सांग. तुज्या माथ्यावर घिऊ नगंस."

दोरा मी वळला होता आणि लाल बोट मीच पाहिलं होतं. राग त्यांच्यावर काढणं सोपं होतं, म्हणून काढला.

चौथ्या सकाळी पट्टी सुटली. लाली रेघेच्या खाली होती. डॉक्टरांनी करंगळीच्या टोकाला टोचलं. काही नाही. मधल्या पेराशी टोचलं. बिरूने चष्म्यावरची नजर काढली, खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तो रडला. बसलेल्या घशाने, फाटक्या आवाजात, पण जोरात.

डॉक्टर मागे टेकले. म्हणाले, "टोक जाईल. बाकीचं बोट राहील. पाय राहील. घ्या बाई, शांत करा आता त्याला."

मी म्हणाले, "जरा रडू द्या की."

मीच रडत होते. मग मी बाळ उचललं, ओसरीवर गेले आणि आत्याबाईंच्या मांडीवर दिलं. त्यांनी त्याचे पाय चाचपत हातात धरले आणि तो शांत होईपर्यंत हलल्या नाहीत.

काळं पडलेलं टोक पुढे महिन्याभरात नखासकट सुटून आलं. आज बिरू पायात वहाण घालतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या डॉक्टरांचं ऋण मी फेडू शकत नाही. फक्त त्यांनी केलं ते तुम्हाला सांगू शकते. बाळ रडायचं थांबत नसेल, तर आधी त्याला पूर्ण सोडा. हातापायाची सगळी बोटं बघा, बोटांच्या बेचक्या बघा, कान बघा, लंगोटाखाली बघा. दोरा, केस, लोकर काही असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा. हिंग-ओवा त्यानंतर.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी एक पाहुणी बाळाचे पाय बघून म्हणाली, "अगं, पोरीच्या पायात दोरा न्हाय? नजर लागंल की."

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "लागू दे. नजर उतरवता येती."