न मारलेली हाक

आधीच सांगून टाकते, मी भूत-भानामती मानणारी बाई नाही. सुरतेत कोसाडला आमची बिल्डिंग आहे, तिथं कोणी म्हणालं की जिन्यात सावली दिसली, तर मी सरळ विचारते — बल्ब बदलला का? त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू येतंय.

आमचे हे लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर, तेवीस वर्षं झाली. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, लग्न झालं तशी सुरतेला आले ती आलेच. मी घरी साड्यांना लेस लावते, माल सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातून येतो. ज्यांनी लूमखातं ऐकलंय त्यांना सांगायला नको... तिथं माणूस कानाजवळ ओरडला तरी ऐकू जात नाही, सगळा कारभार हातवारे आणि ओठांवर. तेवीस वर्षांत यांचे कान गेलेच. डॉक्टरांनी मशीन दिलं, ते कपाटात. "मी काय बहिरा आहे?" हेही ते एवढ्या मोठ्यानं म्हणतात की खालच्या मजल्यावरच्यांना कळतं. समोर उभं राहून बोललं तर ओठ वाचतात. पाठ फिरवली की संपलं. मग मी जमिनीवर दोनदा पाय आपटते, त्यांना फरशीतून कळतं.

आणखी एक गोष्ट, पुढे लागेल म्हणून. मी यांचं नाव घेत नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. आमची पोरगी पूजा झाल्यापासून माझे ते 'पूजाचे पप्पा', आणि त्यांची मी 'पूजानी माय'. माझी पोरगी हसते, म्हणते, "मम्मी, आजकाल कोण असं करतं?" करतं बाई, तुझी आई करते.

तर गेल्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा शेजारच्या वैशालीताईंचा नवस फेडायला आम्ही नऊ जण गाडी करून डांगात गेलो. कामरेज, बारडोली, व्यारा, आहवा, आणि तिथून पुढे तासभर. डोंगराचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. माथ्यावर देवीचं ठाणं आहे. वाट सगळी जंगलातून, आणि उभी म्हणजे काय... गुडघा छातीला लागतो.

बाकीची मंडळी भराभर पुढे गेली. वैशालीताईंचे गुडघे दुखरे, म्हणून आम्ही तिघं मागे. जंगल ओलं होतं, पानांवरून थेंब पडत होते. मी पर्समधून कानाचं मशीन काढलं, गुपचूप आणलं होतं. म्हटलं, "अहो, जंगल आहे, आज तरी लावा." बस्स. वैशालीताईंसमोर त्यांचा अपमान झाला. "तुझं तूच लाव," म्हणाले आणि ताडताड पुढे निघाले.

माझंही डोकं फिरलं. त्यांच्या पाठीकडे बघून मी म्हणाले, "जा, कुठं जायचं तिथं जा. मी काही हाक मारणार नाही." त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही.

पंधरा मिनिटांत धुकं उतरलं. उतरलं म्हणजे झाडं एकेक करून पुसली गेली. आधी लांबची, मग जवळची, मग माझ्या हातातली काठी खालच्या टोकाला दिसेना. आम्ही दोघी एका सपाट खडकावर बसलो, धुकं निवळेपर्यंत हलायचं नाही असं ठरवून. वैशालीताई म्हणाल्या, "भाऊंना हाक तरी मार." मी म्हटलं, "बहिऱ्याला काय हाक मारू?" रागात म्हणाले.

नंतरचं मला नीट सांगता येत नाही. झोप नव्हती, पण जागीही नव्हते. पाण्याचा आवाज येत होता तो बंद झाला. पक्षी बंद झाले. वैशालीताई शेजारी जपमाळ ओढत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मला वाटलं, अस्सं असतं तर यांना. रोज असंच असतं. भीती नाही वाटली, खरं सांगते. सगळं पांढरं आणि मऊ होतं, धुतलेल्या सुती साडीत तोंड खुपसल्यासारखं. तेवढ्यात राग कुठं गेला कळलं नाही, नुसती माया दाटून आली. पण मी उठले नाही, काही बोललेही नाही.

किती वेळ गेला, वैशालीताई म्हणतात तासभर. मग डाव्या हाताच्या झुडपातून हे आले. वाट नव्हतीच तिथं. तोंड पांढरंफटक, हात ओरबाडलेले. सरळ येऊन माझ्यासमोर बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "पूजानी माय... मनं नाव लिधं तू." माझं नाव घेतलंस तू, असं.

मग त्यांनी सांगितलं, पुढे फाटा होता, ते चुकून गुरांच्या वाटेला लागले होते. स्वतःचे पाय दिसत नव्हते तरी हट्टानं चालत राहिले. आणि मागून माझी हाक आली. स्पष्ट. लग्नाआधी कान धड होते तेव्हासारखी स्पष्ट. "हिरामण, थांब." ते दचकून थांबले. वारा आला, धुकं जरा फाटलं, तर पुढच्या पावलाला जमीनच नव्हती. खाली नुसता कडा. मग म्हणे हाक येतच राहिली, आणि ते त्या हाकेच्या दिशेनं झुडपं तुडवत आले.

"तूच मारली ना हाक?" त्यांनी विचारलं.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. घसा पार बसलेला, तासभर ओरडल्यावर बसतो तसा. मग मी नुसती मान हलवली. हो म्हणून.

वैशालीताई माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर एकटीला गाठून म्हणाल्या, "अगं, तू तर तोंडात गुळणी धरून बसली होतीस. मी शेजारीच होते ना."

धुकं निवळल्यावर आम्ही माथ्यावर गेलो. यांनी माझा हात सोडला नाही, सगळ्यांसमोर. वर ऊन होतं आणि ढग पायाखाली. मी देवीपुढे नारळ ठेवला, घंटा वाजवली, आणि यांच्याकडे पाहिलं. त्यांना घंटा ऐकू आली नाही. माझा आवाज दोन दिवसांनी परत आला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लूमवाल्यांच्या कानात आवाज येत राहतात, मनाचे खेळ असतात. असतील. पण मग माझ्या घशाचं काय? त्यावर ते म्हणाले, थंडीनं बसला असेल. बरं. तुमच्यापैकी कोणाकडे याहून पटेल असं उत्तर असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. आणि हाक मी मारली नव्हती, हे मी यांना अजून सांगितलेलं नाही. तोंडच होत नाही. मशीन मात्र आता ते लावतात, अधूनमधून.

परवा दुपारी ते गॅलरीत मेथी निवडत बसले होते, पाठमोरे, मशीन लावलेलं नव्हतं. मी मागे जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "हिरामण." वळले नाहीत. मग मोठ्यानं म्हटलं. खालून कोणीतरी वर पाहिलं, पण हे मेथीच निवडत होते.

मग मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं. त्यांनी माझे ओठ पाहिले, हसले, आणि अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.