पटाच्या दानीवर दोन मोटारी

दिघोरीचा शंकरपट कौशल्याबाईच्या घरापासून एका हाकेवर भरायचा. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या, भाताची खाचरं, सपाट करून बैलजोड्यांसाठी शेजारी-शेजारी दोन दानी आखायचे, म्हणजे दोन लांबलचक धावपट्ट्या. सारा मुलूख गावात लोटायचा. पण लग्न होऊन आल्यापासून कौशल्याबाईनं पट एकदाही पाहिला नव्हता. तिचा पट चुलीपुढं. बाहेर आरोळी उठली की ती समजायची, जोडी सुटली. आता ही सगळी माणसं उपाशी असल्यासारखी घरात शिरणार.

नवरा कृष्णराव पटाचा झेंडीवाला. जोडी सोडायची झेंडी त्याची आणि निकालही त्याचा. एरवी घरात ‘माहा गमछा कुठं हाये वो’ म्हणून ओरडणारा माणूस त्या दिवसांत न्यायाधीश होऊन फिरायचा.

तिचं स्वतःचं लग्न पटातच ठरलेलं. तिच्या बापाची जोडी जिंकली, सासऱ्यांनी दानीवरच त्याला मिठी मारली आणि पोरगी न पाहताच हो म्हटलं. बैल हारले असते तर आपण कोणाच्या घरी असतो, हा विचार कांदे चिरताना तिला अधूनमधून यायचा. कृष्णराव फार छळायचा त्या दिवशी जरा जास्त वेळ यायचा. आणि नणंदेच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलं तेही पटातच. कृष्णरावची झेंडी पोराच्या काकाच्या जोडीविरुद्ध पडली, अन् काका भरल्या ताटावरून उठून गेला.

म्हणून सत्त्याऐंशी साली, ऐन पटात, साकोलीचे पाहुणे लेकीला, विजयमालाला पाहायला येणार म्हटल्यावर कौशल्याबाईनं नवऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला, “त्यायची बैलजोडी तं नाई ना?”

“नाई वो. हार्डवेअरचं दुकान हाये. पोराले बाप नाई, सारं मामाच्या शब्दावर चालते.”

“मामाची जोडी?”

“मामाचीबी नाई! भलत्या शंका!”

कौशल्याबाई निर्धास्त झाली. तिथंच चुकली.

कारण मामा आला तो लाल मोटार घेऊन. भय्याजी त्याचं नाव. सोबत बहीण गोदावरीबाई आणि भाचा नंदलाल. मोटार नवीकोरी, बुटकी, मागून कापल्यासारखी. आणि अंगणात कौशल्याबाईचा भाऊ तुलाराम, भंडाऱ्याहून आलेला, आपली पांढरी मोटार पुसत उभा. तीही तशीच बुटकी, तशीच मागून कापलेली.

दोन मामा. दोघांचं बालपण बैलांमागं गेलेलं, दोघंही स्टीअरिंग नुकतंच शिकलेले. रामराम झाला, आणि पाहुणे ओसरीवर टेकायच्या आत दोघं एकमेकांच्या मोटारीभोवती फिरू लागले.

“हलकी दिसते,” भय्याजी पांढरीवर टिचकी मारत म्हणाला. “पत्रा हाये का फायबर?”

“फायबर. म्हणून तं उडते.”

“म्हैस घासली का उडनच.”

“अन् तुमची? डब्यावानी वाजते.”

“आवाज आयका, मंग बोला. शिवणयंत्रावानी चालते.”

“मंग लुगडी शिवा ना तिच्यावर!”

ओसरीवर हशा पिकला. आत कौशल्याबाईनं पोह्यांची परात खाली ठेवली. हा हशा ती ओळखत होती. ती दारात येऊन म्हणाली, “पोहे झाले. पोरगी तयार हाये. बसा आता सारे.”

“बसतो ना बाई,” तुलाराम म्हणाला. “एक चक्कर मारून येतो. दानी रिकाम्याच हायेत, जोड्या दुपारी सुटतीन.”

“चक्कर कायले?”

“कोणाची पळते ते पाहाले!”

आणि गेले. दोन मामा गेले, झेंडी घेऊन कृष्णराव गेला, ओसरीवरचे सगळे पुरुष गेले. ज्याच्यासाठी एवढा पसारा, तो नंदलालही धोतर-टोप्यांच्या मागं पळाला. राहिल्या तीन बायका आणि परातभर पोहे.

हिरवं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसलेली विजयमाला पदर खाली ओढून म्हणाली, “आई, पाहाले मले आले का गाड्यायले?”

“चूप बस,” कौशल्याबाई म्हणाली. पण तिला पोरीचं पटलं होतं.

आरोळी उठली. वरच्या आळीचा सोमाजी धापा टाकत सांगत आला, “लाल जिंकली! पण तुलारामभाऊ म्हणते, माह्या दानीत भुसभुशीत माती होती. आता दानी बदलून पळवून राहिले.”

पोहे थंड झाले. पुन्हा आरोळी.

“आता पांढरी जिंकली! भय्याजी म्हणते, कोंबडी आडवी आली. तिसऱ्यांदा पळवतेत.”

कौशल्याबाईनं हातातला झारा आपटला. “देवा! बैल तरी दमते. हे लोखंड दमतबी नाई अन् हे माणसं बी!” आणि मग, पाहुणीपुढं हे बोलून गेले म्हणून जीभ चावली.

पण गोदावरीबाई ओठ दाबून हसत होती. “आमच्याइथं मोटार आल्यापासून रोज हेच. भाऊ जेवतानाबी ताटावर गिअर टाकते.”

“तुमचा भाऊ हारला तं?” कौशल्याबाईनं सरळच विचारलं.

गोदावरीबाईचं हसू गेलं. “हारला तं आम्हाले घेऊन तसाच निंगन. मी त्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नाई.”

“अन् माहा भाऊ हारला तं मांडवात पाय ठेवनार नाई. मामाबिगर पोरीचं लगन कसं लावू?”

बाहेर मोटारींची घरघर ऐकू येत होती. मग गोदावरीबाई विजयमालाकडं पाहत हळूच म्हणाली, “पोरी, नंद्यानं तुले साकोलीच्या कॉलेजात कवाचंच पाहून ठेवलं हाये. घरी तोच तुह्या नावाचा हट्ट धरून बसला. तुले पसंत हाये का तो?”

विजयमाला लाजली, आणि लाजता लाजताच फणकारली, “होता. आज गाडीमांगं पळाला तवापासून विचार करून राहिली.”

“म्हणजे हो?”

“हो.”

“मंग माहाबी हो,” गोदावरीबाई म्हणाली, आणि स्वतःच दचकल्यासारखी कौशल्याबाईकडं पाहू लागली. “इहीनबाई, निकाल लागायच्या आंदी यायचे तोंडं गोड करा. साखर एकदा तोंडात गेली का आमच्यात कोणी शब्द फिरवत नाई.”

कौशल्याबाईनं साखरेची वाटी उचलली. पदर खोचला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पटाच्या मैदानावर निघाली. गर्दीनं बाई पाहून वाट दिली. ती नेमकी दानीच्या शेवटाशी पोचली, तेवढ्यात पलीकडं झेंडी पडली.

दोन्ही मोटारी धुरळा उडवत आल्या. बरोबरीनं आल्या, बरोबरीनं पुढं गेल्या, आणि आता थांबायचं तर कोणी थांबेना. दोघं मामा सीटवर मागं रेलून, पाय ताठ करून, दोन्ही हातांनी स्टीअरिंग छातीशी ओढत होते. जसा कासरा ओढतात तसं. आणि ओरडत होते, “हो! हो! हो राज्या!”

मोटारींना हे कळायचं काय कारण? लाल मोटार तणसीच्या म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगात शिरून दिसेनाशी झाली. पांढरी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, उडून पाण्याच्या बांधीत चिखलात बसली. कोंबड्यांनी मैदान सोडलं.

दोघं बाहेर आले. भय्याजीच्या टोपीवर तणस, तुलारामच्या धोतरावर चिखल.

“माही पुढं होती!”

“डोळे फुटले का? माही होती! भाऊजी, सांगा!”

कृष्णराव झेंडी घेऊन धापा टाकत आला. चेहऱ्यावर तोच न्यायाधीश. त्यानं घसा खाकरला, झेंडी वर उचलली. कौशल्याबाईच्या डोळ्यांपुढं नणंदेच्या पोरीचा चेहरा आला. तिनं वाटीत मूठ घातली आणि ‘पुढं’ म्हणायला उघडलेल्या भय्याजीच्या तोंडात साखर कोंबली. दुसरी मूठ भावाच्या तोंडात.

“हे काय वो?” कृष्णराव ओरडला.

“साकोलीवाल्यायचं अन् आपलं ठरलं. पोराच्या मायनं हो म्हटलं, पोरीनं म्हटलं. तुमीबी आऽ करा.”

गर्दी ओरडली, टाळ्या पडल्या. भय्याजी गालात साखर धरून उभा राहिला. थुंकता येईना, बोलता येईना. त्यानं एकदा तणसीच्या ढिगाकडं पाहिलं. मग गिळली, आणि चिखलानं माखलेल्या तुलारामला हात धरून जवळ ओढलं. नंदलालनं खाली वाकून होणाऱ्या सासूच्या पायाला हात लावला.

“आता आठवलं?” कौशल्याबाई म्हणाली. “उठा. घरी पोरगी बसली हाये पाहाची.”

दुपारी जोड्या सुटायच्या आधी गावातल्या देवाजीच्या पटाच्या बैलांना जुंपून दोन्ही मोटारी बाहेर काढल्या. आधी लाल, मग पांढरी, की उलट, यावरही थोडा वाद झालाच. मग पंगत बसली. पुन्हा नवे पोहे, वडे, पुऱ्या. कौशल्याबाई वाढत होती. दोघं मामा मांडीला मांडी लावून जेवत होते.

तुलाराम खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, तू तं शेवटालेच उभी होती. खरं सांग, कोणाची गाडी पुढं होती?”

भय्याजीचा घास हातात थांबला. कृष्णरावही कान देऊन बसला.

कौशल्याबाईनं पाहिलं होतं. अगदी स्वच्छ पाहिलं होतं.

“मी पाहिलं तवा तं बैलच पुढं होते, बापा,” ती म्हणाली. “पुरी वाढू का?”