जर्दाळूची पैज आणि सरांच्या मिशा

विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या अंगणात, शेजारच्या भिंतीला लागून एक झाड आहे. जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या संकरातून तयार केलेली ती जात आहे, असं मला सांगण्यात आलं. सांगणारे माझे यजमान. लष्करातून निवृत्त होताना लोक पेट्या-ट्रंका घेऊन येतात. यांनी हिमाचलातल्या एका बागवानाकडून ओल्या पोत्यात गुंडाळलेलं कलम आणलं. प्रवासात खिडकीजवळची जागा त्याला दिली आणि स्वतः अवघडून बसून आले.

शेजारी सर राहतात. मूळचे फलटणचे, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मिशा एवढ्या भरघोस, की ते चहा पितात तेव्हा कप दिसेनासा होतो. कलम लावलं त्याच दिवशी ते भिंतीपाशी आले.

"सुभेदार, ह्या झाडाला हिवाळ्यात कडक थंडी लागते. एकदोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. ती सांगलीत कुठून आणणार? फ्रीजमधून?"

"थंडीचं माझं मी बघतो. फळ आलं तर तुमी काय करणार, ते सांगा."

"मिशा उतरवीन."

"आणि न्हाई आलं तर?"

सरांनी थोडा विचार केला. "पाच वर्षं देतो. पाचव्या अक्षय तृतीयेपर्यंत फळ दिसलं नाही, तर हे काढायचं आणि इथं कढीपत्ता लावायचा. आमच्या हिला फोडणीसाठी दर वेळी मंडई गाठावी लागते."

हिमाचलच्या पाहुण्याच्या जागी कढीपत्ता! यजमानांचा चेहरा लाल झाला. "मंजूर. ही साक्षीदार," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी ओट्यावर वाचत बसले होते. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केल्यामुळे दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची मला सवय नाही. मी मान हलवली आणि पान उलटलं.

पुढची चार वर्षं थंडीच्या दिवसांत यजमान रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून झाडाच्या बुंध्याशी रचायचे. "पाहुणे आलेत का घरी?" असं रसवंतीवाल्यानं एकदा विचारलं. "व्हय, थंड हवेचे हायेत. उकडतंय त्यांना," हे म्हणाले. झाड मात्र नुसतं उंच झालं. पानं एवढी दाट, की त्यात चिमण्यांचा गोंधळ चाले. फळ नाही.

पाचव्या वर्षाच्या श्रावणात हृदयविकारानं ते गेले.

तेराव्यानंतर सर एकटेच आले. बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, ती पैज मी सोडली. झाड असू द्या."

ते मनापासून बोलत होते. पण त्या पंधरवड्यात मी हेच ऐकत होते. शिधापत्रिकेवरून नाव कमी, बँकेतून नाव कमी, फोन बंद. जिथं जाईन तिथं त्यांच्यावर एक आडवी रेघ. त्यांच्या नावावर चालू असलेली एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि तीही आता सर भल्या मनानं खोडायला निघाले होते.

"सर, पैज चालू आहे," मी म्हणाले. "अक्षय तृतीयेला बघू."

सरांनी मान वर करून पाहिलं. मग हळूच मिशीवर हात फिरवला. "मग मी रोप बघून ठेवतो कढीपत्त्याचं."

धाकट्या दिरांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात त्यांना बोलावून घेतलं. झाडाभोवती एक फेरी मारून ते हसले. "दादानं बर्फ घालून काय केलं, वहिनी? मुळाला सर्दी. आवं, आमी द्राक्षाला करतो तेच हितं करायचं. पाणी तोडायचं, पानं काढायची. झाडाला वाटतंय, लय थंडी पडली. ते झोपतंय. मग डोळ्यांना फुटव्याच्या औषधाची पेस्ट लावली की उठतंय." डोळे म्हणजे फांदीवरचे कोंब.

"म्हणजे झाडाला फसवायचं?"

"फसवायचं न्हाई. समजूत घालायची."

दोन दिवस आम्ही दोघांनी शिडी लावून एकेक पान काढलं. झाड उघडंबोडकं झालं. मग गल्लीतल्या बायका एकेक करून भेटायला येऊ लागल्या. "मालकांच्या पाठोपाठ गेलं हो," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. झाड नुसतं झोपलंय, हे मी एकीलाही सांगितलं नाही. उलट मीही पदर डोळ्यांना लावला. हे मला इतकं छान जमेल असं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात दिरांनी येऊन पेस्ट लावली आणि जानेवारीत खरंच कळ्या आल्या. आमच्या बाजूला मोजून अकरा पांढरी फुलं फुलली. सर भिंतीपाशी येऊन चष्मा पुसून पाहून गेले. चारच दिवसांत जोराचा वारा सुटला आणि सकाळी फुलांचा सडा खाली पडलेला दिसला. नंतर नवी पानं फुटली, झाड पूर्वीसारखं दाट झालं, आणि अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली.

सरांच्या ओट्यावर एका काळ्या पिशवीत कढीपत्त्याचं रोप येऊन बसलं होतं. ते रोज त्याला पाणी घालत होते.

पुढचं सांगायला मला लाज वाटायला हवी. मी मंडईजवळच्या मोठ्या फळवाल्याकडे गेले आणि परदेशातून आलेले दोन आलुबुखार घेतले. घरी सुईत हिरवा दोरा ओवला. पहाटे शिडीवर चढून ती दोन फळं समोरच्या फांदीला बांधली. चौतीस वर्षं पुस्तकांची पानं फाडणाऱ्यांना मी दंड केला होता. शिडीवरून उतरले तेव्हा मला एकटीलाच हसू येत होतं.

सकाळी सरांना हाक मारली. ते आले, फांदीखाली उभे राहिले. हात मागे बांधून त्यांनी एक फळ सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"वहिनी, तुमचं झाड शिकलेलं दिसतंय."

"का हो?"

"फळाला लेबल लावून देतंय."

मागच्या बाजूला बोटाच्या नखाएवढा, चकचकीत कागद चिकटलेला होता. तो माझ्या लक्षातच आला नव्हता.

सरांनी तो कागद नखानं काढला आणि खिशात ठेवला. "सुभेदारानं निदान लेबल तरी काढलं होतं."

"म्हणजे?"

"तिसऱ्या वर्षी. त्यानं पांढरा दोरा वापरला होता. मी पाहिलं आणि गप्प बसलो. संध्याकाळी त्यानंच फळ उतरवून खाल्लं. तुम्हाला नाही सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. मी तिथंच पायरीवर बसले. मेलेल्या माणसाची एखादी नवी लबाडी कळणं म्हणजे त्याचं पत्र उशिरा हाती पडण्यासारखं होतं. सर हळूच फाटक लावून गेले.

अक्षय तृतीयेच्या आदल्या सकाळी भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला. "वहिनी, एकदा खपवून घेतलं, पुन्हा नाही. आणि ह्या वेळी माझ्या बाजूला?"

मी बाहेर आले. भिंतीवरून त्यांच्या अंगणात गेलेल्या फांदीवर, पानांच्या आड, एक हिरवं फळ होतं. बोराहून जरासं मोठं.

"ते मी नाही बांधलं," मी म्हणाले.

"दोरा कुठाय तो दाखवतो तुम्हाला," असं म्हणून सरांनी फळ धरलं आणि ओढलं.

दोरा नव्हता. देठ होता. फळ त्यांच्या हातात आलं. त्यांनी देठाकडे पाहिलं, फांदीवरच्या ओल्या खुणेकडे पाहिलं. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला आणखी पुरावा लागत नाही. ते फळ माझ्या हातावर ठेवून ते घरात गेले.

अर्ध्या तासानं फाटक वाजलं. सर आणि त्यांच्या पत्नी. सरांच्या नाकाखाली एक फिकट, अनोळखी ओठ होता.

"कच्चं होतं. पैजेत मोजलं नसतं तरी चाललं असतं," मी म्हणाले.

"पिकलेलं पाहिजे असं कुठं ठरलं होतं? तुम्हीच साक्षीदार," सर म्हणाले.

त्यांच्या पत्नी खुर्चीत टेकल्या. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा पाहिला तो ओठ. झाकलेलाच बरा होता हो."

श्रावणानंतर मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं हसले. थांबता येईना. सरांच्या पत्नीही हसल्या, आणि सर मिशी चाचपायला हात वर नेऊन तो परत खाली आणत राहिले.

फळाच्या मी तीन फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं. इतकी आंबट चव, की तिघांचे डोळे मिटले.

"पुढच्या साली पिकलेलं दाखवा. नाही तर कढीपत्ता," डोळे पुसत सर म्हणाले.

"आणि दाखवलं तर? आता उतरवायला काय उरलंय?"

सरांनी टकलावरून हात फिरवला. "तोवर मिशा येतील परत."

कढीपत्त्याचं रोप त्यांनी आपल्याच अंगणात लावलं, भिंतीला लागून, झाडाच्या बरोबर समोर. मी दिरांना फोन करून ऑक्टोबरातले दोन दिवस मागून घेतले.