तीस फूट, अन् वरून एक माणूस

“ढील दे, ढील दे!” असं ऐकू आलं आणि मी दोर ढिला केला.

तीस फुटांचा लोखंडी पाइप रस्त्याकडे झुकला.

“वहिनी, धरा!” रामटेकेभाऊ बुडाशी पाइपला कवटाळून ओरडले. तोवर दोर हातातून सुटला होता.

रस्त्यावर विजेच्या उघड्या तारा होत्या.

रामटेकेभाऊ काल गेले. कालपासून तो पाइप मला पुन्हा पुन्हा पडताना दिसतो आहे.

कोराडीच्या वीज केंद्राची कामगार बस रोज सकाळी जरीपटक्याच्या चौकातून त्यांना घेऊन जायची. ते लाइनमन. आमच्या शेजारचे. माझा नवरा अविनाश याला हॅम रेडिओचं लायसन्स मिळालं होतं. घरबसल्या जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलायचं, एवढंच त्या रेडिओचं काम. मला त्याचं फार कुतूहल होतं. सेट तयार होता. अँटेना उंच लावायची राहिली होती.

अविनाशने कुंपणाजवळ खड्डा खणला. भाऊंनी तो पाहिला.

“साहेब, हा बुजवा.”

“का बरं? तीन बाजूंनी दोर बांधतोय. पडेल कशाला?”

“पडते असंच धरा. उभा कराच्या पहिले पाडून पाहू.”

त्यांनी पाइप जमिनीवर आडवा ठेवला. बूड खड्ड्याशी धरलं आणि पाइप घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला. टोक कुंपणातून बाहेर निघालं, तारांच्या खाली गेलं.

मग खड्डा मागे, पेरूच्या झाडापाशी गेला. पाइप पुन्हा फिरवला. टोक आता अंगणातच राहिलं.

मला वाटलं, झालं.

“आता तुम्ही झोपा,” भाऊ म्हणाले.

“कोण, मी?” अविनाश.

“हो. पाय टोकाले लावा. डोकं रस्त्याकडं. लांब व्हा.”

बँकेतला माणूस इस्त्रीच्या शर्टात मातीत आडवा झाला.

भाऊंची बायको सुमन कुंपणापाशी उभी होती. “भाऊजी, उशी आणून देऊ का?”

“खांबाएवढी जागा,” भाऊ म्हणाले, “अन् वरून एक माणूस. तरी तार दूर पाहिजे.”

“एक माणूस कशासाठी?” मी विचारलं.



“ते नाही माहीत वहिनी. मले मुकादमानं सांगतलं. त्याले त्याच्या मुकादमानं.”

खड्डा आणखी मागे गेला. पेरूचं झाड तोडावं लागलं. अविनाश कुरकुरला. मीही.

उभा करायला सुट्टीचा दिवस ठरला. सुट्टी होती तिळसंक्रांतीची.

दोन शब्द ठरले. भाऊ “खेच” म्हणाले की ओढायचं. “ढील” म्हणाले की सोडायचं. तीन दोर, तिघं जण. सुमन आणि अविनाश दोन कडांना. माझा दोर मागच्या बाजूला. पाइप रस्त्याकडे झुकू द्यायचा नाही, हे माझं काम.

संक्रांतीला नागपुरात गच्चीगच्चीवर लोक काय ओरडतात, हे आम्हा चौघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

चौघांपैकी एकालाही ते आठवलं नाही.

पाइप जवळजवळ उभा झाला होता. समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग पेचात होता. “ढील दे बे, ढील दे!”

मी दिली.

पाइप अंगणात आदळला. पाठोपाठ गच्चीवरून “ओ काट!” असा गलका झाला.



मग अविनाश माझ्यावर ओरडला. “तुला ऐकू येत नाही का?”

“ऐकूच आलं होतं.”

“तिच्यावर काहून चिडून राहिले साहेब?” भाऊ म्हणाले. “तिनं बरोबर ऐकलं. शब्द माहा चुकला.”

त्यांच्या कोपराचं सालटं निघालं होतं. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खड्ड्यापाशी उकिडवे बसले होते.

“वहिनी, इकडं या. हे पाहा.”

पडता पडता पाइपचं बूड खड्ड्यातून उसळून बाहेर आलं होतं आणि पुढे सरकलं होतं. ओल्या मातीत त्याची रेघ उमटली होती. भाऊ त्या रेघेशेजारी आडवे झाले. पाय खड्ड्याशी, डोकं बुडाशी.

जेमतेम एक माणूस.

टोक कुंपणाच्या आत पडलं होतं. वरचा एक माणूस मोजला नसता, तर पाइप तारांवर गेला असता. आणि बुडाशी त्याला कवटाळून भाऊ उभे होते.

ते मातीतून उठले. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. एखादं गणित सुटावं तसा होता.

“एवढी वर्षं मोजून राहिलो मी. मले बी आज समजलं.”

सुमन तेव्हा रडायला लागली. भाऊ तिला म्हणाले, “काहून रडतं वं? मोजलं होतं ना.”

मी कॉलेजात मराठी शिकवत होते, आणि एका शब्दाचे दोन अर्थ मलाच आठवले नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भाऊंनी फाटक वाजवलं. खड्डा त्यांनी हातभर खोल केला, बुडाभोवती दगड ठोकले.

“आज ढील नाही, खेच नाही. वरण म्हनलं का ओढा. भात म्हनलं का सोडा.”

“अन् भाजी म्हनलं तं?” सुमनने विचारलं.

“भाजी म्हनलं तं पळा.”

वरण, वरण, भात, वरण. साडेसहाला पाइप उभा राहिला. भाऊंनी तिन्ही दोर एकदा हलवून पाहिले, हात धुतले आणि सातची बस पकडली.

भाऊ, शेवटचा जय भीम.