आत्याच्या टीव्हीत अडकलेलं लग्न

माझ्या मुलीचं, केतकीचं, लग्न कणकवलीला मुहूर्तावर, सुरळीत पार पडलं. अडकलं ते नंतर, देवबागला.

देवबागला माझी आत्या राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. केतकीच्या लग्नाच्या तोंडावर ती खाडीकडच्या पायऱ्यांवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि लग्नाच्या दिवशी ती घरी पलंगावर. भेटायला गेलो तेव्हा तिने एकच मागितलं, "माका आख्खा लगीन बघूचा आसा. तुकडे नको."

आता हे दाखवायचं कसं? मोबाइलवर बघितलं की तिचं डोकं दुखतं. टीव्ही जुना, पोट सुटलेला डबा, त्याला पेन ड्राइव्ह लावायला जागा नाही. आहे तो एक डीव्हीडी प्लेअर. लग्न एका साध्या डिस्कमध्ये मावेना आणि दोन डिस्कना आत्या तयार नाही. (पूर्वी एका पुतण्याच्या लग्नाची दुसरी डिस्क कोणीतरी आधी लावली. पाहुणे जेवून उठले आणि मग लग्न लागलं. तो धसका.)

घरात कॉम्प्युटर कळणारा म्हणून माझा लौकिक आहे. ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी काढतो, त्यावरून तो झाला. मी छाती पुढे काढून डबल लेयर डिस्क आणली. दुकानदाराने ती मागच्या फळीवरून धूळ झटकून काढली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

ही भानगड मी आत्याला समजावली. एका डिस्कमध्ये दोन थर असतात, एका घावनावर दुसरं घावन ठेवावं तसे. आधी एक थर वाचायचा, मग दुसरा. आत्याने विचार केला आणि म्हणाली, "मगे वरचा घावन खाल्ल्याबिगर खालचा कसा दिसतला रे?"

मी हसलो. पुढचे पंधरा दिवस मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

पहिल्या दिवशी आत्याला उशा लावून खुर्चीत बसवलं. शेजारची शेवंताकाकी आली, तिच्या मागून निम्मी आळी आली. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, केतकीने हार उचलला आणि चित्र थांबलं. हार हवेत, भटजींचं तोंड उघडं, जावईबापू मान वाकवून उभे. शेवंताकाकीने वीज गेली का म्हणून वर बघितलं. पंखा फिरत होता.

शेवटी आत्याने हलक्या आवाजात विचारलं, "चेडू हार घालीना कित्याक? तिच्या मनात दुसरा काय होता काय रे?"

डिस्क अडकली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण मुलीचा बाप दुसरं काय सांगणार, अशा नजरेने माणसं घरी गेली.

इंटरनेटवर सल्ला मिळाला की डिस्क सावकाश लिहावी. मी इतकी सावकाश लिहिली की तेवढ्यात बायकोचे आंबोळीचे तांदूळ भिजून निघाले. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं ठणठणीत चाललं. देवबागला पुन्हा तोच हार, तीच हवा, तेच जावईबापू. आता बघणारे दुप्पट होते, आणि एकदा अडकणं हा अपघात असला तरी त्याच जागी पुन्हा अडकण्यात काहीतरी असणारच, यावर त्यांचं एकमत झालं.

दोन दिवसांनी देवगडहून व्याह्यांचा फोन आला. सहज केलाय म्हणाले, आणि मग मुद्द्यावर आले. "केतकी हार घालताना थांबली होती, असं इथे बंदरावर बोलतायत. तुम्ही व्हिडिओत बघितलंत म्हणे." मी म्हटलं, अहो, तुम्ही तर तिथे शेजारीच उभे होतात. त्यावर ते म्हणाले, "होतो हो. पण आता मलाही नीट आठवेनासं झालंय."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की मलाही आठवत नाहीये. मी केतकीला फोन लावला आणि आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?"

मी पुन्हा वाचायला बसलो. दोष सापडला तो असा: पहिला थर संपून दुसरा सुरू होतो तिथे प्लेअर अडखळतो, आणि आमचा सांधा नेमका हारावर आला होता. तो पुढे सरकवता येतो. मी सरकवला. तिसऱ्या डिस्कमध्ये अक्षता पडल्या, हार गळ्यात पडला, आत्याने डोळे पुसले. लग्न पंगतीपर्यंत पोचलं आणि तिथे सांधा आला. पडद्यावर मी. जिलेबी हातात, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. आधीच्या दोन वेळी लोक थोड्या वेळाने उठून गेले होते. या वेळी कोणीच उठेना.

चौथ्या वेळी कळलं की जुने प्लेअर घरी लिहिलेली डबल लेयर डिस्क नीट ओळखत नाहीत. त्यांना सांगावं लागतं की ही कंपनीत छापलेली साधी डिस्क आहे. म्हणजे डिस्कने खोटं बोलायचं. त्यासाठी लिहिताना डिस्कवर एक खूण करायची असते, ती केली. आणि लग्न लागलं! गणपतीच्या फोटोपासून पाठवणीपर्यंत कुठेही न थांबता. मी विजयी नजरेने शेवंताकाकीकडे बघितलं. तिने मान हलवली. "ह्या मागसून जोडलेला दिसता," ती म्हणाली.

तिचं जाऊ दे. मी आत्याच्या पायाशी बसलो आणि विचारलं, बघितलंस ना सगळं?

"बघितलंय," आत्या म्हणाली. "पण हार घालताना भुर्रकन गेला. आदीसारख्या थंय थांबव बघया. माका चेडवाचो चेहरो बघूचो आसा. केवढा गोड दिसत होता."

रिमोट कधीचा हरवलेला. प्लेअरवर एकच बटण. ते दाबलं की पडदा निळा होतो आणि लग्न पुन्हा गणपतीपासून सुरू होतं. पहिल्या दोन डिस्का मी रागाने मोडून टाकल्या होत्या.

म्हणून सध्या मी कणकवलीला रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसतो. नीट चालणारी डिस्क बरोबर हारापाशी अडकवून मग पुढे सोडायची कशी, हे इंटरनेटवर कोणीच लिहून ठेवलेलं नाही.