तळा ते कुडा: मध्ये थांबलेला रस्ता

माधवने शिक्षकखोलीतल्या टेबलावर नकाशा पसरला आणि एका ठिकाणी पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"हे तळा. हा किल्ला. पश्चिमेला चालत गेलं की कुड्याची लेणी, त्यांच्या पायथ्याशी खाडी. संक्रांतीला जोडून रजा काढली की झालं."

माधव भूगोल शिकवतो, मी मराठी. नकाशे मला फारसे कळत नाहीत. पण तळ्याहून कुड्याकडे जाणारी पायवाटेची तुटक रेघ एका जागी उगाच वळसा घेऊन पुन्हा सरळ झाली होती.

"ही इथे का वळते?"

"ओढा असेल."

"ओढा बराच खाली दाखवलाय."

"मग खडक."

"खडक वर आहे."

माधवने चष्मा काढून पुसला. तेवढ्यावर जायचं ठरलं.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या लाँचने धरमतरला उतरलो. तिथे एस.टी. उभी असते; लाँच उशिरा आली तर ड्रायव्हर थांबतो, पण कुरकुरतो. पेण, नागोठणे, कोलाड करत इंदापूर. इंदापुरात गाडी बदलून तळा. या दुसऱ्या गाडीत जागा मिळाली नाही तर पुढची संध्याकाळी असते, म्हणून चहा तळ्यात पोचल्यावर प्यावा. सामान कमी ठेवावं. आम्ही एकेक पिशवी घेतली होती, तरी माधवने कंदील आणलाच.

तळा म्हणजे डोंगराच्या कुशीत एक बाजारपेठ, कौलांची घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर किल्ला. गावात कुठेही उभं राहिलं तरी मान वर केली की तो दिसतो. बाजारात एका खानावळीच्या माडीवर राहायची सोय झाली. जेवण सव्वा रुपयात: तांदळाची भाकरी, वालाची उसळ, भात, सुकटीची चटणी. माधव सुकट खात नाही. त्याची वाटी माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच किल्ल्यावर गेलो. गावामागून वाट सुरू होते, सुरुवातीची चढण अंगावर येते, मग सोंडेवरून सरळ चालणं. वर पाण्याची टाकी एका ओळीत कातळात खोदलेली आहेत. पाणी गार. किल्ला लांबट आणि अरुंद. चालताना दोन्ही हातांना दरी राहते. तटाचे दगड बऱ्याच ठिकाणी ढासळलेत, पण पश्चिमेचा बुरूज शाबूत आहे. तिथून घोसाळगडाचा गोल माथा दिसतो आणि लांब मांदाडच्या बाजूला खाडीचं चकाकतं पाणी.

माधवने नकाशा गुडघ्यावर उघडला. मी खाली पाहत होतो. तळ्याकडून एक लाल रस्ता निघाला होता, नुकता खणलेला, मुरमाचा. तो डोंगराच्या कुशीतून जात जात एका उघड्या खांद्यावर येऊन थांबला होता. मग थोडी जागा सोडून पुन्हा सुरू झाला होता आणि एका वाडीत शिरला होता. मधल्या तुकड्यात रस्ता नव्हता. तिथे एक फिकट वर्तुळ होतं आणि त्याला वळसा घालून जाणारी पायवाट.

"तुझा वळसा," माधव म्हणाला.

खाली आल्यावर खानावळीच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "टेपवाडीचा रस्ता? श्रमदानाचा आहे. उत्साह संपला असेल." शेजारी बसलेल्या शिंप्याने मान हलवली. "उत्साह कसला? सुरुंगाची दारू मिळत नाही." तिसरा म्हणाला, "ती जागा वाईट आहे." चहा संपवून तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी आम्हाला वाटाड्या हवा होता. मालकांनी धोंडूला हाक मारली. धोंडू टेपवाडीचाच. बाजार करून परत निघाला होता. खांद्यावर मिठाचं गाठोडं, हातात घासलेटचा डबा. "चला की मास्तर," तो म्हणाला. "पिशव्या माज्या घरी टाका, लेनी बगून या, रातच्याला मुक्काम आमच्याकडं. चालाल ना पन? मुंबईचं पाय हायत."

"किल्ला चढून आलोय," माधव म्हणाला.

"किल्ल्यावर तर आमच्या शेळ्या बी जात्यात."

लाल रस्त्याने चालणं सोपं होतं. मुरूम नीट पसरलेला, कडेला दगड लावलेले. वाडीतल्या प्रत्येक घराने आपापला तुकडा खणला होता. धोंडू चालता चालता सांगत होता, हा अमक्याचा, हा तमक्याचा. पावसाळ्याआधी रस्ता पुरा झाला तर यष्टी वाडीपर्यंत येणार होती. गेल्या साली त्याची बायको बाळंतपणात अडली तेव्हा तिला झोळीत घालून तळ्याला न्यावं लागलं. "वाचली," तो म्हणाला. "पोर न्हाय वाचलं." मग गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

आणि रस्ता संपला. समोर खळं होतं, भात झोडायची जागा. गोल, शेणाने नुकतंच सारवलेलं, त्यावर काडी नव्हती. डोंगराच्या या खांद्यावर वारा चांगला लागतो, उफणायला बरा, म्हणून खळं घरांपासून इतकं लांब. खालच्या अंगाला ओढ्याचा कडा, वर कातळ. पायवाट अंग चोरून खळ्याच्या कडेने जात होती. एस.टी.ला तेवढी जागा पुरणारी नव्हती. पलीकडे रस्ता पुन्हा सुरू होत होता.

माधवने सरळ पाऊल उचललं. धोंडूने त्याचा दंड धरला.

"मास्तर! खळं हाय ते. चपला घालून कुठं?"

आम्ही वळसा घातला. पलीकडे गेल्यावर मी विचारलं, "कुणाचं खळं?"

"भागाकाकीचं."

"ती द्यायला तयार नाही?"

"तिला कोन इचारलं?" धोंडू थांबला. "एकलीच हाय. जमीन दुसरं कसत्यात, भात त्यांच्याच खळ्यावर झोडत्यात. हितं काय व्हत न्हाय. पन ती दर अमाशेला सारवती. पोरगा गोदीत हाय मुंबैला, तो यील, मंग त्याचं भात हितं झोडायचं म्हनती. चार शिमगं झालं, आला न्हाय. आता तिला जाऊन काय सांगायचं? तुजा सदा येत न्हाय, खळं दे?"

पिशव्या टाकून आम्ही कुड्याला गेलो. वाटेत सावली कमी. सोबत पाणी घ्यावं. लेणी डोंगराच्या उतारावर, एकाखाली एक ओळींत, तोंड खाडीकडे. एका लेण्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत, सोंडा मोडलेल्या. आत भिंतीवर जोडपी कोरलेली. त्यांचे दागिने आणि डोक्यावरची वेष्टणं बघत बसावीत अशी. खांबांवर लेख आहेत. माधवने वाचनालयातून टिपण करून आणलं होतं. ही लेणी राजांनी दिलेली नाहीत, निदान सगळी नाहीत. एक फुलं विकणाऱ्या माळ्याने दिलं, एक लोखंडाच्या व्यापाऱ्याने, एक वैद्याच्या घरच्यांनी. प्रत्येकाचं नाव दगडात राहिलं आहे. त्यांच्याकडे मागायला कोण गेलं होतं, काय शब्दांत मागितलं, ते कुठे कोरलेलं नाही. माझं लक्ष परतीच्या वाटेवर तिथेच अडकलं होतं.

टेपवाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. धोंडूच्या अंगणापलीकडे पोपटी लावली होती: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. या दिवसांत इकडे आलात तर हे चुकवू नका. पाल्याचा वास शेंगांना लागतो आणि पाणी न घालता त्या शिजतात. पाचसहा माणसं जाळाभोवती बसली होती. थोड्या वेळाने एक म्हातारी आली, ठेंगणी, अनवाणी, ओच्यात आणखी शेंगा.

"मुंबैचं पावनं हेच का? माजा सदा गोदीत हाय. बगितला आसंल तुमी."

"गोदी फार मोठी आहे हो काकी," माधव म्हणाला.

"सदा बी मोठा हाय. दारातनं वाकून येतो."

सगळे हसले. मडकं फोडलं. शेंगा हात पोळेपर्यंत गरम होत्या. मला राहवलं नाही. नकाशा पाहिल्या दिवसापासून डोक्यात तेच होतं. मी विचारलं, "काकी, रस्ता तुमच्या खळ्यापाशी का थांबलाय?"

धोंडू जाळ फुंकू लागला; जाळ चांगला पेटलेला होता.

काकी शेंग सोलत राहिली. "माज्यापाशी थांबलाय व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं सरकारचं पैसं संपलं."

"काकी," धोंडू म्हणाला, "तू सारवतीस, म्हनून..."

"सारवते म्हनून तू तोंड शिवलंस? रं धोंड्या, तुजी बायको झोळीत घातली तवा झोळीमागं कोन चाललं? मीच ना? मला कळत न्हाय रस्ता कशाला पायजे?"

धोंडूने मान खाली घातली.

तिने सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाली, "रिकाम्या खळ्यावर कुदळ नको. उद्या झोडनी करा. ज्याची भाताची उडवी आजून हुबी हाय त्यानं भारा आना. मंग काय करायचं ते करा."

सकाळी भारे आले. खळ्यावर ओंडका आडवा टाकला, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि झोडणी सुरू झाली. आम्हीही पेंढ्या उचलल्या. माधवच्या सदऱ्यात कुसं गेली आणि तो नाचायला लागला. "मास्तर, भात झोडताय का पोरं?" एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "पोरांची सवय हाय त्यांना, भात कुठं वरडतंय?" वारा सुटल्यावर बायकांनी सुपांनी भात उफणलं. पहिलं सूप काकीच्या पदरात घातलं. तिने ते मोजलं नाही, कपाळाला लावलं.

खळं झाडून मोकळं झालं. पुरुष कुदळी घेऊन कडेला उभे राहिले. पुढे कुणी होईना.

"धोंड्या, चपला दे."

"माज्या? मोठ्या व्हतील तुला."

"मला काय मिरवायचं हाय?"

तिने धोंडूच्या चपला पायांत घातल्या आणि खळ्यावर पाय ठेवला. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सरळ चालत गेली. चपला प्रत्येक पावलाला फटफटत होत्या. मी तिच्या मागे कडेवर उभा होतो. टाचेमागे तीन बोटं चप्पल रिकामी होती. पलीकडे पोचल्यावर तिने त्या काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "या आता."

धोंडू पहिला गेला. मग सगळे.

निघताना तिने सदाच्या चाळीचा पत्ता असलेलं जुनं कार्ड मला दिलं आणि म्हणाली, "सदाला सांगा, यष्टी दारात येनार. चालायला नको आता."

आम्ही खळ्यावरून सरळ तळ्याकडे निघालो. मागे कुदळींचा आवाज येत होता. माधवने वाटेत नकाशा काढला, त्या वळशावर पेन्सिल ठेवली, पण काही लिहिलं नाही. दुपारची गाडी मिळाली. धरमतरहून लाँच; खाडीतून बाहेर पडल्यावर वारा गार होता.

जायचं असेल तर पौषात जा. पायांत मजबूत चपला, सोबत पाणी. कंदील लागत नाही. किल्ल्याला एक सकाळ द्या, लेण्यांना एक अख्खा दिवस. पुढल्या वर्षी जाणाऱ्यांना टेपवाडीपर्यंत कदाचित चालावं लागणार नाही.

पुढच्या रविवारी मी गोदीजवळच्या त्या चाळीत गेलो. सदाचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर होतं. तो नळावर गेला होता. आला तेव्हा दारातून वाकून आला. मी सगळं सांगितलं. तो उभ्यानेच ऐकत होता.

"खळ्यावरनं पैलं कोन गेलं?"

"तुमची आई."

"चपला घालून?"

"हो."

"तिला चपलाच न्हाईत."

"धोंडूच्या होत्या."

तो खाली बसला. त्याच्या बायकोने चहा ठेवला, त्याला त्याने हात लावला नाही. मग विचारलं, गाडी कधी सुरू होणार. मी म्हणालो, पावसाळ्याआधी म्हणतात.

"तिच्या पायाचं माप काय आसंल, मास्तर?"

मी त्याच्याकडे धोंडूएवढ्या पायाची एखादी चप्पल मागितली. त्याचीच चालली. ती जमिनीवर ठेवली आणि टाचेच्या बाजूला माझी तीन बोटं आडवी धरली.

"इथपर्यंत," मी म्हणालो.

त्याने कोळशाच्या तुकड्याने तिथे रेघ मारली.