एका सुराची फाइल

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर यशवंत गजभियेकाका एकटे राहतात. बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत गेली, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. घरात फ्रिज घ्यायचा असो की पडदे, काका आधी फाइल उघडायचे, टिपणी लिहायचे आणि 'मंजुरीसाठी सादर' म्हणून प्रेमलाकाकूंच्या पोळपाटाशेजारी ठेवायचे. काकू कणकेच्याच हातानं सही ठोकायच्या. त्या फायलींवर पिठाची बोटं अजून दिसतात.

काकू गेल्या वर्षी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकांनी त्यांची पेटी बुद्धविहाराला दान दिली. घरात पडून राहण्यापेक्षा वंदनेला वाजेल, म्हणून. बुद्धपौर्णिमेला मुद्दाम ऐकायला गेले, तर तिथली मंडळी कौतुकानं म्हणाली, "काका, काकूंची पेटी एकदम नवी करून घेतली! सगळे सूर बदलले."

काकूंच्या पेटीतल्या काळी चारचा सूर जरासा कापायचा, थरथरायचा. गाण्याआधी त्या तीच पट्टी दाबून धरायच्या, मग गळा लावायच्या. काका 'साधु, साधु' म्हणाले आणि मेट्रोनं घरी आले.

दिवाळीनंतर एकदा ते फाइल घेऊन आमच्याकडे आले. "कादंबरी, चहा नको. आधी वाच."

विषय होता, घरी जोडायचा, हवा तो आवाज प्रोग्रॅम करता येणारा सिंथेसायझर. त्यांच्या मुलीच्या, नीलमच्या, फोनमध्ये काकूंच्या पेटीचं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग सापडलं होतं. तोच आवाज यंत्रात उतरवायचा. डावीकडे खर्च : बोर्ड, पट्ट्या, स्पीकर, परदेशातून मागवलं तर कस्टम्स, मिळून एकतीस हजार. उजवीकडे अडचणी : 'सोल्डरिंग येत नाही. हात थरथरतो. प्रोग्रॅमिंगचा व्हिडिओ तीनदा पाहिला, पाच मिनिटांपुढे कळत नाही.'

"नीलम काय म्हणते?"

"म्हणते, पापा यार, रेडीमेड कीबोर्ड पाठवते ना, त्यात पेटीचा आवाज असतोच. मी म्हटलं, असेल बाई. पण कुणाच्या पेटीचा?"

एक अडचण मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हती. बोलावं की नाही, कळेना. शेवटी विचारलंच. "काका, सदतीस पट्ट्या बसवणार. वाजवणार कोण?"

त्यांनी फाइल माझ्याकडून घेतली. मग हसले. "तुझी काकू म्हणायची, तुम्ही टाळ्यासुद्धा सगळ्यांच्या मागून वाजवता." पेन काढून त्यांनी अडचणींच्या खाली नीट अक्षरात लिहिलं, 'वादक नाही.' फाइल मिटली आणि निघून गेले.

मला चुटपुट लागून राहिली. आठ दिवस काका जिन्यातसुद्धा दिसले नाहीत. निदान तो छंद तरी असू द्यायचा होता, असं वाटत राहिलं.

नवव्या दिवशी दार वाजलं. मी कणीक भिजवत होते. काकांच्या हातात तीच फाइल, वर नवा कागद : 'सुधारित प्रस्ताव. पट्ट्या : एक. खर्च : सहा हजार चारशे.' अडचणी तशाच होत्या, फक्त शेवटची खोडलेली.

"काळी चार तेवढी पुरे," ते म्हणाले. "दाबून धरायला काय, मलाही येईल."

खाली 'मंजुरीसाठी सादर' होतं आणि सहीची जागा रिकामी. मी नळाकडे वळले.

"हात नको धुऊस," काका म्हणाले.

यंत्र जोडायला त्यांना अडीच महिने लागले. दोनदा बोट भाजलं, एक बोर्ड जळला. सुरुवातीला वरून यायचा तो सूर अगदी सपाट असायचा, लिफ्टच्या घंटीसारखा. मग एका संध्याकाळी तो पहिल्यांदा कापला. माझा डाव पातेल्यातच राहिला.

आता रोज सातच्या सुमाराला तो सूर येतो. काका पट्टी दाबून धरतात, सोडतात. गळा लागावा इतका वेळ थांबतात. मग पुन्हा दाबतात.